एकोणतीस तारखेची कुलपं

वृद्धाश्रमातल्या खोल्यांची कार्डाची कुलपं सकाळपासून उघडत नव्हती. त्यांचा प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईला तिथे जाताना गाडीतच कारण कळलं. आज एकोणतीस फेब्रुवारी होती आणि तिने लीप वर्ष धरलंच नव्हतं. तिने कळवलं तेव्हा तिचे साहेब फोनवर म्हणाले, "सौर वादळावर ढकलून दे. सूर्यावरचे डाग दर अकरा वर्षांनी वाढतात, सध्या वाढलेतच. कोण विचारतंय?"

पहिल्याच खोलीबाहेर एक आजी खुर्चीवर बसल्या होत्या. त्या सकाळी नाश्त्याला गेल्या तेव्हा मागे दार आपोआप बंद झालं होतं. बाथरूम आत. त्यांनी मांडीवर टॉवेल घेतला होता, तरी गाऊन ओला झालेला दिसत होता.

तिने लॅपटॉप जोडून दार उघडलं आणि खाली बघतच म्हणाली, "सूर्यावर वादळ झालं, आजी. त्याने यंत्रं बिघडतात."

"मग तू तरी काय करणार, बाळ?" आजींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. शेजारचे आजोबा तणतणत आले, तर त्यांनाच दटावलं, "पोरीला बोलू नका. तिच्या हातात होतं का ते?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सूर्याचं काही नाही, आजी. लीप वर्ष मीच विसरले."

आजींनी हात काढून घेतला. "मग मघाशी का नाही बोललीस?" त्यांनी हळूच विचारलं आणि टॉवेल सावरत आत जाऊन दार लावून घेतलं.

उरलेल्या प्रत्येक दाराशी तिने खरं कारण सांगितलं. मान मात्र वर झाली नाही.