कोरा चौकोन

"मिस, हा कोरा चौकोन सरकतोय," भार्गवी म्हणाली.

कानडी मुलखातल्या जयनगरच्या त्या शाळेत मराठी बोलणाऱ्या दोघीच, भूगोलाच्या वसुमतीबाई आणि ही नववीतली भार्गवी. बाईंचा मामेभाऊ उल्हास एका विज्ञानसंस्थेत होता. उपग्रहाने मोजलेल्या समुद्राच्या उंचीचे आकडे तो अधूनमधून छापून आणून द्यायचा. चौकोन आखलेल्या समुद्राच्या नकाशावर पाणी नेहमीपेक्षा चढलेलं असेल तो चौकोन मुली लाल रंगवायच्या, उतरलेलं असेल तो निळा. चढलेलं पाणी बहुधा उबदार, हे आता त्यांना तोंडपाठ होतं. सत्त्याण्णव सालच्या त्या हिवाळ्यात आफ्रिकेकडचा समुद्र लालभडक झाला होता आणि तिकडून पुराच्या बातम्या येत होत्या. आकडा नसेल तो चौकोन कोरा ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही, हा बाईंचा दंडक.

"आकडे गळतात कधीकधी. त्यात काय?"

"पण खुल्या समुद्रात एकच गळतो, मिस. आणि दर खेपेला स्वल्प पुढं."

बाईंनी सगळे कागद खिडकीच्या काचेला ओळीने चिकटवले. पहिल्यावर तो चौकोन मालदीवच्या खाली होता, मग लक्षद्वीपच्या बाजूला. ताज्या कागदावर तो मंगळूरच्या किनाऱ्याला लागला होता.

"आता पुढं?"

"पुढचं कळायचं नाही. किनाऱ्याजवळ उपग्रहाला धड मोजता येत नाही, तिथं सगळेच कोरे." बाईंना स्वतःचाच आवाज परका वाटला. मालदीवच्या खालीच अण्णाचं जहाज बुडालं होतं.

अण्णा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ रघुनंदन. देह मिळाला नव्हता. अशा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी घरची रीत. बारा वर्षं सरली, तरी बाई हो म्हणेनात, आणि सख्ख्या बहिणीच्या होकाराशिवाय गुरुजी पुढे होईनात.

"वसू, मला सोडव गं आता," राजलक्ष्मीवहिनी म्हणायच्या. "रोज कुंकू लावताना हात अडतो. लोक सवाष्ण म्हणून ओटी भरतात, मला चोरी केल्यासारखं होतं."

बाईंना वहिनींचा राग यायचा, आणि मग त्या रागाची लाज वाटायची.

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या.

"वहिनी, गुरुजींना निरोप धाडा," बाई म्हणाल्या. "अण्णा पोचला."

वहिनींनी उंबऱ्याकडे बोट केलं.

"सरी, ठीक," त्या म्हणाल्या. "मला सकाळीच कळलं."

उंबऱ्याशी अण्णाच्या चपला होत्या. वहिनी त्या रोज पुसून तिथेच ठेवत. आज चामडं भिजून काळं पडलं होतं, खाली फरशीवर पाणी साचलं होतं. पाऊस नव्हता. नळालाही दोन दिवस पाणी नव्हतं.

वसुमतीबाई वाकल्या. त्यांनी बोट पाण्यात बुडवलं, ओठांपर्यंत नेलं आणि न चाखताच पदराला पुसलं. अंदाजाने भरायचं नाही, हा दंडक जसा त्यांचा होता, तसंच काही चौकोन कोरे राहू द्यायचे, हेही त्यांनीच मुलींना शिकवलं होतं. वहिनींचा हात धरून त्या आत गेल्या.