श्रमसाफल्यचा गठ्ठा

पाच वाजता शिवरामभाऊ येणार होते आणि त्यांचं कार्ड दवाखान्यात कुठेच सापडत नव्हतं.

तीन दिवसांपूर्वी त्यांनी अर्ज दिला होता: दोन वर्षांपूर्वी माझी दाढ मला न विचारता काढली, माझे सगळे कागद द्या, मग मी तक्रार घेऊन डेंटल कौन्सिलकडे जातो. मुदत तीन दिवसांची. त्यातला आता अर्धा तास उरला होता. डॉक्टर हेमांगीचा चेहरा उतरला होता. डोंबिवलीत बावीस वर्षांत कमावलेलं नाव त्या एका कार्डावर येऊन अडलं होतं.

"सरोजमावशी, नवीन लिहून टाका ना," नुकताच लागलेला डॉक्टर विनीत म्हणाला. "अक्षर तुमचंच. कोणाला कळणारे?"

"आणि भाऊंची सही तू ठोकणार? कोणाला नाही कळलं तरी मला कळेल. हो बाजूला!"

कार्डं दवाखान्याचं काउंटर सांभाळणाऱ्या मावशींनीच लावलेली, आणि तीही आडनावाने नव्हे, बिल्डिंगच्या नावाने. डोंबिवलीत तेव्हा लोक माणूस बिल्डिंगवरूनच ओळखायचे. भाऊंच्या नव्या टॉवरचा गठ्ठा पाहून झाला होता. जुनी बिल्डिंग पाडल्यावर ते विठ्ठलवाडीला भाड्याने राहत होते, तोही गठ्ठा दोनदा उपसून झाला.

आणि मावशींना लख्ख आठवलं. दाढ काढल्यावर तोंडात कापसाचा बोळा धरून भाऊ कसेबसे बोलले होते, "पत्ता बदलू नका हां. आम्ही परत तिथेच येणार." मावशींना ते किती पटलं होतं! भाऊंच्या त्या जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर कोजागिरीचं दूध त्याही प्यायल्या होत्या.

"श्रमसाफल्य!" त्या ओरडल्याच. "अरे विनीत, स्टूल आण! सगळ्यात वरचा खण!"

धूळ उडाली, शिंका आल्या, सुतळी तुटली. चौथंच कार्ड! 'दाढ काढण्यास माझी संमती आहे', खाली भाऊंची ठसठशीत सही, शेजारी त्यांच्या मुलीची, दर्शनाची. हेमांगीने मावशींना मिठीच मारली.

विनीतने कार्ड उलटलं. "मावशी, मागे तुमचं अक्षर आहे. 'उद्या फोन करून चौकशी करणे.' फोन केल्याची खूण नाही." त्याने आवाज खाली आणला. "पुढच्याच बाजूची झेरॉक्स काढू?"

तो फोन राहूनच गेला होता.

"दोन्ही बाजू काढ," त्या म्हणाल्या.

"दोन्ही," हेमांगीही म्हणाली.

पाचाच्या ठोक्याला भाऊ आले. पुढची बाजू त्यांनी तीनदा वाचली. "सही माझीच," ते ओशाळून म्हणाले. मग मागची वाचली. "आठ दिवस गाल फुगलेला. वाटलं, दाढ काढली आणि विसरले मला."

"विसरलेच भाऊ. डॉक्टर नाही, मी. चुकलं माझं."

भाऊंनी आपला अर्ज मागून घेतला, चार घड्या घालून खिशात टाकला आणि कपाटाकडे बोट दाखवलं. "श्रमसाफल्य अजून ठेवलीय तुम्ही? बघू, बघू, त्यात आमचे कोण कोण आहेत!"

मावशींनी गठ्ठा झटकन पदराआड घेतला. "अहो, असं कसं? दुसऱ्यांची कार्डं आहेत ती!"

बोळा नसलेल्या तोंडाने भाऊ मनापासून हसले.