तेजूच्या मुलाखतीला निघालेली जीप

सागपाड्याहून दिंडोरीला जायचं तर पुंजारामची जीप, आणि पुंजारामची जीप भरल्याशिवाय हलत नाही. आता जीप भरली हे ठरवणार कोण? तर पुंजारामच. मागच्या पायरीवर दोघंजण लटकलेले दिसले नाहीत तर त्याला ती रिकामीच वाटते. माणसं जमता जमता नऊ वाजतात, कधी दहा. सरकारी गाडी काही या पाड्यापर्यंत येत नाही. रस्ता झाला की गाडी येईल असं गाडीवाले म्हणतात, आणि गाडी सुरू होऊ द्या, मग रस्ता करू असं रस्तेवाले म्हणतात. दोघांचंही म्हणणं पाड्याला पटतं, त्यामुळे भांडण असं कधी होत नाही.

भिका भोयेची मुलगी तेजस्विनी सुरगाण्याच्या आयटीआयमधून फिटर झाली, तीसुद्धा वर्गात पहिली. मागच्या महिन्यात दिंडोरीजवळच्या एका कारखान्यानं तिला मुलाखतीला बोलावलं होतं, सकाळी नऊला. बापलेक पोचले तेव्हा साहेब जेवायला बसले होते. वॉचमन म्हणाला, "झाली की भरती. आता पुढल्या महिन्यात या." येताना तेजू एक शब्द बोलली नाही. भिकाला ते फार लागलं. पोरगी रडली असती तर त्याला समजूत काढता आली असती, पण गप्प माणसापुढे तो नेहमीच हरायचा.

म्हणून या खेपेला भिकानं डोकं लढवलं. जीप भरल्याशिवाय सुटत नाही ना? मग पहाटेच भरू! आख्खी जीप भाड्यानं करायची तर ती लग्नाला, नोकरीला नव्हे. त्यापेक्षा ज्याचं त्याचं काम आणि ज्याचं त्याचं तिकीट. आठवडाभर तो घरोघर फिरला आणि दिंडोरीत ज्याचं काम नव्हतं त्याचंही काढून दिलं. एकाला म्हणाला, तुझी लेक दिली ना तिकडं, भेटून ये. दुसऱ्याला म्हणाला, बी-बियाणं बघून ठेव. त्याची थोरली बहीण कुसाबाई म्हणाली, "माझं काय काम हाय तिकडं?"

"डोळे दाखव."

"डोळ्यांना काय झालं?"

"तेच तर दाखवायचं," भिका म्हणाला.

ठरल्या दिवशी उजाडायच्या आत जीप इतकी भरली, की खुद्द पुंजाराम म्हणाला, आता बास. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला असावा. भिका पुढे बसला तो सेनापतीच्या ऐटीत, आणि दोन घाट उतरेपर्यंत त्याची मान ताठ होती.

कारखान्याच्या फाटकाशी ते आठलाच पोचले. आता तेजू आत जाणार आणि बाकीचे आपापल्या कामाला, असं ठरलं होतं. पण कामं अशी कोणाला होती? बारा वर्षं जिचं शिक्षण आख्ख्या पाड्यानं तोंडपाठ केलं, तिची नोकरी आपण समोर बघायची नाही म्हणजे काय! सगळेच तिच्या मागून चालू लागले. नवा वॉचमन घाबरला. त्याला वाटलं, सगळे उमेदवार. त्यानं प्रत्येकाच्या हातात एकेक नंबरचा कागद दिला आणि पंख्याखाली खुर्च्यांवर बसवलं. भिका सांगायला गेला, "अवो, आमी नाय, ही..." वॉचमन म्हणाला, "बोलायचं नाही, नंबर आला की जायचं." सरकारी असो की खासगी, नंबर मिळाल्यावर परत करायचा नसतो, हे पाड्याला ठाऊक होतं. सगळे गपगुमान बसले. कुसाबाईनं फडक्यातली नागलीची भाकरी सोडली आणि शेजारच्या शर्ट-इन केलेल्या पोराला अर्धी दिली. तोही नाशिकहून उपाशीच निघाला होता, त्यानं घेतली.

मुलाखत घेणारे गौरांगसाहेब म्हणजे शहरातला पोरसवदा माणूस. टेबल त्याच खोलीत कोपऱ्यात होतं, त्यामुळे कोणाला काय विचारलं ते सगळ्यांना ऐकू येत होतं. पुकारा झाला आणि कुसाबाई जाऊन खुर्चीत बसली.

"अनुभव?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"लय वाईट," कुसाबाई म्हणाली. "नवरा दारू प्यायचा."

साहेबांनी मान वर केली. मग मागे बसलेल्या पागोट्यांकडे, लुगड्यांकडे बघितलं आणि वॉचमनला हाक मारली. खुलासा व्हायला थोडा वेळ लागला, पण माणूस वाईट नव्हता. हसला आणि म्हणाला, "बसू द्या त्यांना. मुलगी कोण?"

तेजू पुढे झाली. साहेबांनी तिला मोजपट्ट्या, ड्रॉइंग, मशीनचे भाग असं काय काय विचारलं. भिकाला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण पोरगी अडखळत नाही एवढं त्याला कळलं. साहेबांचा चेहरा उजळत गेला. "छान," ते म्हणाले, आणि त्यांची नजर पत्त्यावर गेली.

"तालुका सुरगाणा? पहिली पाळी सातला असते. कशी येणार तू?"

"सर, कंपनीची बस..."

"ती नाशिकहून येते. तुमच्याकडे नाही जात. नाशिकला खोली का नाही घेत?"

तेजू म्हणाली, "मागच्या वर्षी माझ्या मैत्रिणीनं घेतली होती, सर. शिकाऊचा पगार खोलीत आन् डब्यात संपायचा. घरून पीठ मागवायला लागली, मग परत आली."

साहेबांना खरोखरच वाईट वाटलं. त्यांनी फाइल मिटली. "काय करणार? तुझ्यात कमी काही नाही. गाव लांब आहे."

भिका उठून उभा राहिला. गाव लांब असणं हा काय पोरीचा गुन्हा? ते काय तिनं तिथं नेऊन ठेवलं?

तेवढ्यात दार ढकलून रंगनाथ ठेकेदार आत आला. पॅकिंगला आणि माल चढवायला माणसं पुरवायचं काम त्याच्याकडे. "गौरांगसाहेब, माल पडून राहिलाय, सहा माणसं पळाली माझी," असं म्हणता म्हणता त्याची नजर खुर्च्यांवर गेली आणि चेहरा एकदम फुलला. "ही मंडळी कुठली?"

"सागपाडा," कुसाबाई म्हणाली.

"सुरगाण्याकडचं? मग हे काय, जवळच की! उद्यापासून येता का सगळे? पाचला गाडी पाठवतो, पार दारात. संध्याकाळी परत सोडतो."

भिकानं एकदा ठेकेदाराकडे बघितलं, एकदा साहेबांकडे, आणि त्याला हसूच फुटलं.

"साहेब," तो म्हणाला, "आमचं गाव आत्ता लांब होतं. या भाऊंनी बसल्या जागी जवळ आणलं."

गौरांगसाहेब कानापर्यंत लाल झाले. "ती... ती मजुरांची गाडी आहे, काका."

"मंग माझी पोरगी मजुराचीच हाय. बसंल."

"ऑपरेटर लोक त्या गाडीतून येत नाहीत. तशी पद्धत नाही." साहेबांनी रंगनाथकडे बघितलं. रंगनाथ म्हणाला, "मला काय, जागा माणसांपुरतीच असते. पोरगी पॅकिंगला येत असली तर बसवतो."

मग कुसाबाई उठली. भाकरीचं फडकं झटकून तिनं कमरेला खोवलं. "पोरगी मशीनवर येणार असली तर आमी गाडीत. नायतर आमी पण लांबच राहतो," ती म्हणाली आणि बाकीच्यांकडे बघितलं. ज्यांनी आयुष्यात कारखाना पाहिला नव्हता, ज्यांना उद्या कामाला यायचं स्वप्नातही नव्हतं, ते सगळे एकदम उठून उभे राहिले.

रंगनाथचा आवाज बदलला. "अहो साहेब, घ्या ना पोरीला! हुशार दिसते. माझा माल कोण चढवणार?"

साहेबांनी मिटलेली फाइल पुन्हा उघडली. "सोमवारपासून," ते तेजूला म्हणाले. "आणि सात म्हणजे सात."

बाहेर आल्यावर पाड्यानं जीपभोवती जत्रा केली. भिका मात्र जरा बाजूला उभा होता. आनंद झालाच होता, पण आत काहीतरी सलत होतं. कित्येक वर्षं द्राक्षांच्या हंगामात अशाच गाड्यांच्या हौद्यात उभा राहून तो मजुरीला आला होता. त्या गाडीत पोरीचा पाय पडू नये म्हणूनच तर तिला शिकवलं! आणि आता तिच्या शिक्षणाला नोकरी मिळाली ती त्याच गाडीच्या जोरावर. तो तसं बोलला, सगळ्यांसमोरच.

तेजूनं त्याचा हात धरला. "येईन की, बाबा. पण मी पुढं बसंन, ड्रायव्हरशेजारी."

"पुढं मी बसणार," कुसाबाई म्हणाली. "तू मशीनवाली. दिवसभर उभं राहायचंय तुला, घरापासूनच सवय कर."