गाडीची जागा

हिरामणने गाडी घेतली ती बनूबाईच्या, म्हणजे बायकोच्या गुडघ्यांसाठी. स्टेशनचा पूल चढवत नाही म्हणून तिचं उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे जाणं दोन वर्षं राहून गेलं होतं. गाडी आली, हार चढला, चाकाखाली लिंबं फुटली आणि हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या बिल्डिंगखाली नेमकी एक जागा मिळाली. तिथेच घोडं अडलं. गाडी हलवली की जागा गेलीच म्हणून समजा.

मग हिरामण रोज गाडी पुसायचा, चालू करायचा, बंद करायचा. संध्याकाळी दोघं आत बसून समोरची भिंत बघायची. बनूबाई डोळे मिटून, बहिणीकडे निघाल्यासारखी विचारायची, वाटेतलं अंबरनाथ आलं का? तो म्हणायचा, आलं, देवळावरून चाललोय. भिंतही मग जराशी सरकल्यासारखी वाटायची.

एका रविवारी अक्काचा फोन आला. तिलाही आता चालवत नव्हतं, बहिणीला डोळे भरून बघायचं होतं. हिरामणने डोकं लढवलं. त्याने गाडी बाहेर काढली, रिकाम्या जागेत खुर्ची मांडून बनूबाईला बसवलं आणि सांगितलं, तू जागा धर, मी अक्काला इकडेच घेऊन येतो. माणसाने इतकं हुशार असू नये. बनूबाई पदर सारखा करून बसली.

अंबरनाथला गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. काचांवर ऊन पसरलेलं. प्रत्येक गाडीत एकेकटा माणूस, कुणी जांभई देतोय, कुणाचं बोट नाकात. सगळे मिळून हातभर पुढे सरकायचे आणि मिळून थांबायचे. रस्ताच झोपेत कूस बदलतोय असं हिरामणला वाटलं. त्याचेही डोळे जड झाले.

"अंबरनाथ आलं," सवयीने तो म्हणाला.

शेजारून कुणी काही विचारलंच नव्हतं. त्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. हिरामणला स्वतःची लाज वाटली.

वाट मिळताच त्याने गाडी वळवली. बनूबाई खुर्चीतच होती, ऊन तिच्या पायांवर आलं होतं. अक्का कुठंय, तिने विचारलं.

"तिकडंच. तू बस गाडीत."

"आणि जागा?"

"जाऊ दे."

त्याने खुर्ची डिकीत टाकली. गाडी जेमतेम निघाली तोच एक पांढरी गाडी त्या जागेत शिरलीसुद्धा. बनूबाई मान वळवून बराच वेळ तिकडे बघत राहिली.

"एवढीशीच होती की ओ," ती म्हणाली.