पाटावरचे बाबा

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. काचेला एका कोपऱ्यात तडा गेलाय, बॅटरी फुगल्यामुळे पाठीचं झाकण नीट बसत नाही. सध्या माझा मुक्काम पुण्यात, बिबवेवाडीतल्या एका कपाटाच्या खणात, संपलेल्या पेनांच्या शेजारी आहे. नवे फोन आपण किती छान फोटो काढतो याच्या बढाया मारतात. मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे. मला हात नाहीत, तरी ती माझ्याच हातून झाली असं मी मानतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. दुबईतल्या कुणीतरी मला हौसेनं घेतलं आणि वर्षभरात कंटाळून विकलं. २०१३ साली बदरुद्दीन नावाच्या गृहस्थांनी मला जुन्या फोनांच्या दुकानातून उचललं आणि आपल्या खोलीतल्या सोबत्याला दिलं. ते म्हणजे माझे मालक, सदानंद. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या औद्योगिक भागात एका खोलीत सहा जण राहायचे, त्यातले हे दोघे मराठी बोलणारे. बदरुद्दीन महाडचे होते आणि दुकानांच्या पाट्या कॉम्प्युटरवर तयार करायचे.

सदानंद पूर्वी दुबईत एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर होते. डिस्कव्हरी गार्डन्स नावाच्या वसाहतीत घर होतं, पत्नी छाया आणि छोटी ईशानी होती. २००८च्या शेवटी मंदी आली आणि बांधकामं जिथल्या तिथे थांबली. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी बायको-मुलीला पुण्याला पाठवलं, दोन-तीन महिन्यांत सगळं सुरळीत होईल असं सांगून. दोन महिन्यांनी कंपनीच बंद पडली. मालक देश सोडून गेला, पासपोर्ट कुलूपबंद ऑफिसात राहिला, आणि व्हिसाचे कागद करायला कुणी उरलं नाही. बिनकागदाच्या माणसाला विमानात कोण बसू देणार? तेव्हापासून सदानंद एका कारखान्यात फायबरच्या होड्या घासत होते. घरी मात्र त्यांनी सांगितलं होतं की ऑफिसातच काम आहे, फक्त कागद अडकलेत.

त्या देशात व्हिडिओ कॉल लागत नसत. आवाज ऐकू यायचा, चेहरा दिसायचा नाही. म्हणून फोटोंना फार किंमत होती, आणि मित्रांनो, तिथेच माझं काम सुरू झालं.

त्यांच्या घरी दिवाळीच्या पाडव्याला फोटो काढायची पद्धत होती. सदानंद पाटावर बसायचे, छायाताई ओवाळायच्या आणि फोटो निघायचा. २०१३च्या पाडव्याला पुण्याहून जो फोटो माझ्याकडे आला, त्यात रांगोळी होती, तबक धरलेल्या छायाताई होत्या, दहा वर्षांची ईशानी होती आणि पाट रिकामा होता. खाली ईशानीनं लिहिलं होतं, ‘ए बाबा, तुझी जागा ठेवलीय. तू इथे बस.’

सदानंदनी तो फोटो बदरुद्दीनना दाखवला. मग बदरुद्दीननी माझ्यात एक ॲप घातलं आणि दोन फोटोंचा एक कसा करायचा ते शिकवलं. त्या ॲपमध्ये मास्क असतो, म्हणजे झाकण. जे नको त्यावरून बोट फिरवायचं, ते झाकलं जातं. जे हवं ते तेवढं उघडं ठेवायचं. आधी त्यांनी सदानंदना इस्त्रीचा कुर्ता घालायला लावला, एका उलट्या बादलीवर बसवलं आणि माझ्यात त्यांचा फोटो काढला.

तो फोटो चांगला होता, खरं सांगतो. पण त्यात गाल बसलेले होते, डोक्यावरचे केस गेले होते आणि पुढचा एक दात नव्हता. उन्हानं आणि फायबरच्या भुकटीनं माणूस पार रापून गेला होता.

“हा नको,” सदानंद म्हणाले. “पोर घाबरेल.”

त्यांनी तो पुसून टाकला आणि जुन्या ईमेलमधून २००८च्या पाडव्याचा फोटो काढला. क्रीम रंगाचा कुर्ता, भरलेले गाल, कपाळावर कुंकू, डोळ्यांत हसू. त्यातून मी फक्त त्यांना ठेवलं, बाकी सगळं झाकलं, आणि पुण्यातल्या रिकाम्या पाटावर नेऊन बसवलं. कानामागचे केस नीट सोडवले, दिव्याचा पिवळा उजेड गालावर आणला, पाटावर सावली पाडली. बदरुद्दीननी माझी पाठ थोपटली. मी तर फुलून गेलो होतो. दहा मिनिटांत ईशानीचा मेसेज आला, ‘Baba, you look so handsome!’

फोटो जोडलेला आहे हे तिला ठाऊक होतं, तो त्या घरातला खेळच झाला. पण जोडलेले बाबा पाच वर्षांपूर्वीचे आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. ती सहा वर्षांची असताना गेली होती. तिच्यासाठी बाबा असेच दिसत होते.

मग दर पाडव्याला हेच. एका वर्षी मी कुर्ता निळा केला, एका वर्षी अबोली. ईशानी उंच होत गेली, तसं मी बाबांना थोडं थोडं मोठं करत गेलो, नाहीतर ते तिच्यापुढे लहान दिसले असते. एकदा वेगळेपणा यावा म्हणून त्यांना उलटं फिरवलं, तर गालावरचा तीळ दुसऱ्या बाजूला गेला. ईशानीनं लगेच पकडलं. सदानंदनी उत्तर लिहिलं की इकडे उकाडा फार, तीळसुद्धा जागा बदलतात. ती खूप हसली. सदानंद हसले नाहीत, मला उशीखाली ठेवून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

छायाताईंना कळत नव्हतं असं मला कधीच वाटलं नाही. २००८च्या त्या ओवाळणीचं तबक त्यांच्याच हातात होतं. एकदा फोनवर त्या हळूच म्हणाल्या, यंदाचा एखादा का नाही पाठवत? सदानंदनी विषय बदलला. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही, आणि पुढच्या पाडव्याला पाट मात्र मांडलाच.

बदरुद्दीननी एकदा स्पष्ट सांगितलं. “सदाभाऊ, पोरगी दरसाल वाढतेय आणि तू तिथंच बसलायस. यंदाचं तोंड लाव.”

“पुढच्या वर्षी, इन्शाल्ला,” सदानंद म्हणाले. “आणि घरी जाईन तेव्हा दिसेनच की.”

मला बोलता आलं असतं तर मी बदरुद्दीनची बाजू घेतली असती का? नसती घेतली. मला माझ्या कामाचा अभिमान होता. दरवर्षी कौतुक व्हायचं आणि मला ते हवं होतं. आज त्याची लाज वाटते.

२०१८ साली सरकारनं मुदत जाहीर केली. ज्यांचे कागद नाहीत त्यांनी दंड न भरता आपल्या देशी जावं. बदरुद्दीन धावतपळत आले आणि म्हणाले, “यल्ला, चल सदाभाऊ, खलास. आता घरी जायचं.” वकिलातीनं पासपोर्टऐवजी प्रवासाचा कागद दिला आणि दिवाळीत पाडव्याच्या आदल्या दिवसाचं तिकीट मिळालं. ईशानी पंधरा वर्षांची झाली होती. तिनं व्हॉइस मेसेज पाठवला, ‘बाबा, या वेळी नो एडिटिंग हं. तू खराखुरा बसायचं.’ तो मेसेज सदानंदनी किती वेळा ऐकला ते मी मोजलं नाही.

शारजाच्या विमानतळावर, विमानात बसायच्या आधी, त्यांनी मला बाहेर काढलं. स्वतःचा फोटो काढला. खाली लिहिलं, ‘ईशू, मी आता असा दिसतो.’ पाठवायच्या खुणेवर त्यांचा अंगठा आला. एवढं एक दाबलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. लोक उठून रांगेत उभे राहू लागले. अंगठा मागे गेला, अक्षरं पुसली गेली, मग फोटोही पुसला गेला. इतकं हताश मला कधी वाटलं नव्हतं.

मुंबईला दुपारी उतरलो. मी त्यांच्या शर्टाच्या खिशात होतो. बाहेर कठड्यापाशी गर्दी होती. माणूस कुठल्या बाजूनं येईल कळत नाही म्हणून छायाताई पलीकडच्या टोकाला थांबल्या होत्या आणि ईशानी अलीकडे. सदानंदनी तिला लांबूनच ओळखलं. पाच वर्षं दर पाडव्याला ती माझ्या काचेवर त्यांच्यासमोर मोठी होत आली होती. ते बरोबर तिच्या समोर जाऊन उभे राहिले.

ईशानीनं टाचा उंचावून त्यांच्या खांद्यावरून पाहिलं, मग डावीकडून पाहिलं.

“अंकल, सॉरी,” ती म्हणाली, “थोडं साइडला व्हाल? माझे बाबा येतायत, मला दार दिसत नाहीये.”

सदानंद बाजूला झाले. कठड्याला वळसा घालून तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि तिच्याबरोबर त्या दाराकडे बघत राहिले. छायाताई येऊन त्यांचा हात धरेपर्यंत ते दोघे तसेच वाट बघत होते.

त्यानंतर ईशानी रडली, सॉरी म्हणाली, पायाही पडली. घरी गेल्यावर तिनं हळूच विचारलं, “तुम्ही चहात साखर घेता का?” दुसऱ्या दिवशी पाडवा झाला. सदानंद पाटावर बसले, छायाताईंनी ओवाळलं. मी टेबलावर तयार होतो. फोटो काढू या असं कुणी म्हणालंच नाही.

मित्रांनो, तुमचंही कुणी दूर असेल तर त्याला आजचा फोटो मागा. आणि तुम्ही दूर असाल तर आजचा पाठवा, केस गेले असले तरी, दात पडला असला तरी. माझ्या पोटात अजून त्या घराचे पाच पाडव्याचे फोटो आहेत, सगळे सुंदर, आणि पाचांतल्या एकातही त्या वर्षीचे सदानंद नाहीत. ते खरे सदानंद दोन वेळा माझ्या कॅमेऱ्यात आले होते. दोन्ही वेळा मी त्यांना पुसू दिलं.