अर्धा फेरा

प्रयोगशाळेच्या मिस्त्रीबाईंनी यंत्राच्या झाकणातून लांब दांडा आत सरकवला आणि टोक स्क्रूच्या खाचेत बसेपर्यंत श्वास रोखून धरला.

खाली, उणे शंभर अंशांत, स्फटिकाच्या कागदासारख्या पातळ चकतीवर पीएचडीवालीने वाढवलेला थर होता. मोजक्या अणूंच्या जाडीचा, पत्त्यांच्या कॅटासारखा पदरावर पदर. एवढ्या थंडीतही त्याचं चुंबकत्व टिकायला नको होतं. थर जरा गरम होऊ लागला की ते याहून कितीतरी खालच्या अंशांवरच मरतं. एका नमुन्यात मात्र ते टिकलं होतं. त्या एकावर पोरीची चार वर्षं आणि आज पाठवायचा लेख उभा होता. तोच थर पुन्हा सहा वेळा बनवला. सहाही मुर्दाड.

पहिल्या नमुन्यात पोरीनेच कुठलीतरी लोखंडी घाण मिसळू दिली, असं तिचे मार्गदर्शक सर चारचौघांत बोलून मोकळे झाले होते.

मिस्त्रीबाईंना वेगळंच आठवत होतं. पहिला नमुना त्या रजेवर असताना पोरीने स्वतः यंत्रात स्क्रूने आवळून बसवला होता, आणि पोरगी स्क्रू असा पिळते, जणू आतून चोर पळणार आहे. नंतरचे सहा त्यांनी बसवले, हलक्या हाताने. म्हणून थंड यंत्र न उघडता स्क्रू पिळायला हा दांडा, आठवडाभर जेवणाची सुट्टी घालवून घासलेला.

"चकती वाकेल, अणू ताणले जातील," पोरगी पुटपुटली. "फिरवा, मावशी."

अर्धा फेरा. पडद्यावरची चुंबकत्वाची मेलेली रेघ उठून वर चढली. सैल केलं, पडली. पुन्हा पिळलं, पुन्हा चढली. पोरीने मावशींचा दंड असा धरला की वळ उठावेत.

सर धावत आले. सगळं पाहून म्हणाले, झकास, पण स्क्रूचं नाव काढायचं नाही. थर बनवण्याची आपली रीतच थोर, एवढंच लिहायचं.

"मिस्त्रीच्या हाताने शोध लागला, हे जगाला सांगू?"

पोरीने लेखाचं पहिलं पान ओढलं, दोन नावांखाली तिसरं, मावशींचं, लिहिलं आणि पान सरांपुढे सरकवलं. सरांनी खोडायला पेनचं टोपण काढलं.

मिस्त्रीबाई दांडा सोडून बाजूला झाल्या.

"मग तुम्हीच फिरवा, सर. केसभर जास्त झालं तर चकती फुटते, तेवढं सांभाळा."

सरांनी दांड्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. टोपण परत पेनवर बसलं. त्यांनी स्टूल पडद्याजवळ ओढलं.

"बाई, आणखी थोडं ताणेल का हो?"