आठव्या पानावरची खूण

पिठाचे हात ओढणीला पुसून सोनियाने फळीवरचं जाडजूड पुस्तक काढलं आणि शुभांगीसमोर ठेवलं. वर वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं.

“ताई, तुजं पुस्तक. न्हाई जमलं मला.”

कापूरहोळ फाट्यावरच्या बापाच्या ढाब्यात ती आता भाकऱ्या थापत होती. बापाने, म्हणजे शुभांगीच्या बाजीरावकाकांनी, तिला गणपतीपर्यंत मुदत दिली होती. वेबसाईट बनवता आली तर पुण्याला शिकायला, नाहीतर चुलीपुढे. गणपती बसले, उठलेही.

सुरुवात कशातून करू, असं सोनियाने विचारलं होतं ते आपल्या या चुलत बहिणीला, कारण कंपनीत प्रोग्रामिंग करणारी भावकीत ती एकटीच. मोबाईलवरचे मराठी धडे सोनियाने हौसेने दाखवले, तर शुभांगीने ते पोरखेळ म्हणून उडवून लावले आणि हे नऊशे पानांचं इंग्रजी धूड तिच्या हातात दिलं. वर चारचौघांत ऐटीत म्हणाली होती, “मी यातूनच शिकले.”

“किती वाचलंस?”

“अकरा पानं. लई येळा वाचली.”

शुभांगीने पुस्तक उघडलं. एकेका इंग्रजी शब्दाखाली पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेला होता. आठव्या पानावर एसटीचं पिवळं पडलेलं तिकीट होतं.

“तुजी खूण हाय ती. म्या हलवली न्हाई.”

शुभांगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या तिकिटापुढचं एकही पान तिने कधी उलटलं नव्हतं. तिला शिकवलं होतं बुद्धवाड्यातल्या नागसेनदादाने. भोरच्या स्टँडमागच्या आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानात तो रोज संध्याकाळी स्टूल ओढून शेजारी बसायचा, चुकलं की मराठीत समजावून पुन्हा करायला लावायचा, तेही वर्षभर. पण त्याचं नाव घेतलं की भावकीत कुणाकुणाची तोंडं वाकडी होतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुस्तकाला जात नसते. म्हणून तिने पुस्तकाचं नाव पुढे केलं.

“तुला एकटीला जमलं, ताई. माजंच डोस्कं दगड.” सोनिया पुन्हा परातीपुढे बसली.

“सोनिया, ऐक...”

तेवढ्यात काका गल्ल्यावरून उठून आले. मागे जेवायला बसलेले दोघे-तिघे गाववाले होते.

“ही आमची पुतणी! कुनी शिकवाय न्हाई, सवरायला न्हाई. नुसत्या पुस्तकावर शिकली. व्हय का न्हाई गं?”

सोनियाचे हात परातीत थांबले होते. ती ताईकडे बघत होती.

“हो, काका,” शुभांगी म्हणाली.

सोनियाने पिठाचा पुढचा गोळा घेतला.